आरव्ही-९ए: ग्राउंड आणि शील्डच्या प्रकल्प नोंदी

११ मार्च २०२३: ग्राउंडचा आराखडा

विमान व्हॅन्स आरव्ही-९ए, सुट्या भागांच्या संचातून स्वतः जोडायचं. दोन आसनं, अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, लायकॉमिंग ओ-३२० इंजिन, १४ व्होल्टची यंत्रणा, एक अल्टरनेटर, एक बॅटरी. अमेरिकेत एक्स्पेरिमेंटल गटात नोंदणी होणार आहे. पॅनलची एकही वायर कापण्याआधी ग्राउंडचा, म्हणजे प्रवाह बॅटरीकडे परतण्याच्या वाटांचा, नकाशा कागदावर उतरवला. रेडिओतली शिट्टी, इंटरकॉममधली टकटक, भरकटणारे तापमानाचे आकडे यांतल्या बहुतेक तक्रारी शील्ड (वायरीभोवतीची धातूची जाळी) कमी पडल्यामुळे होत नाहीत. प्रवाहाच्या परतीच्या वाटेचा विचार न केल्यामुळे होतात. दिव्याकडे जितके अँपिअर जातात तितके बॅटरीकडे परत येतातच. वाट आखून दिली नाही तर ते मायक्रोफोनच्या वायरीतूनही येतात.

हिशोब साधा आहे. स्ट्रोब दिव्याच्या प्रत्येक लखलखाटाला ५ अँपिअरचा धक्का बसतो आणि हा प्रवाह इंटरकॉमच्या ग्राउंडबरोबर ५ मिलिओहमची वाट वाटून घेतो, असं धरू. तिथे २५ मिलिव्होल्टचा ठोका तयार होतो. मायक्रोफोनचा सिग्नल काहीशे मिलिव्होल्टचा असतो, म्हणजे हा ठोका हेडसेटमध्ये स्वच्छ ऐकू येणार. जाडजूड शील्ड घातली तरी तो जात नाही, कारण तो बाहेरून येत नाही. तो ग्राउंडमधूनच येतो.

म्हणून ठरवलं ते असं. फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावर) एकच मुख्य ग्राउंड, ५/१६ इंची पितळी बोल्ट आरपार. इंजिनाच्या बाजूला त्यावर बॅटरीची ऋण केबल आणि इंजिनाची पट्टी. केबिनच्या बाजूला पितळी पत्र्यावर फास्ट-ऑन (दाबून बसवायच्या) टॅबची रांग. पॅनलमधल्या प्रत्येक उपकरणाची ग्राउंड वायर स्वतंत्रपणे इथे येईल, पॅनलच्या पत्र्यावर एकही ग्राउंड नाही. लँडिंग लाइट आणि पिटो हीटर (वेग मोजणाऱ्या नळीचा तापक) यांना पंखातच जागेवर ग्राउंड चालेल, कारण त्यांचा परतीचा प्रवाह पॅनलकडे न फिरकता सांगाड्यातून बोल्टाकडे येतो. पंखांच्या टोकांचे दिवे याला अपवाद, त्याचं कारण मॅग्नेटोमीटरच्या (दिशा दाखवणाऱ्या चुंबकीय सेन्सरच्या) नोंदीत येईल.

फायरवॉलचा पत्रा स्टेनलेसचा आहे. स्टेनलेसचा विशिष्ट रोध पितळेच्या जवळपास दहापट असतो, म्हणून ‘फायरवॉलला टेकलं की ग्राउंड झालं’ हा समज इथे चालत नाही. प्रवाह बोल्टातून जायला हवा, पत्र्यातून नव्हे.

१८ मार्च: बाँडिंग आणि मोजमाप

इंजिन रबरी माउंटवर बसतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते विमानापासून तुटलेलंच असतं. क्रँककेस ते मुख्य बोल्ट अशी तांब्याच्या विणीची पट्टी आज बसवली. इंजिन हलतं तेवढी ढील ठेवली आहे, पण त्याहून जास्त नाही. ही पट्टी सैल झाली तर स्टार्टरचे दोनशेहून जास्त अँपिअर थ्रॉटल आणि मिक्स्चरच्या (इंधन-हवेच्या प्रमाणाच्या) केबलमधून परततात. केबल तापते, आतलं अस्तर वितळतं, आणि पुढे कधीतरी मिक्स्चर अडकतं. स्टार्टर मंद फिरत असेल आणि थ्रॉटलची केबल हाताला गरम लागत असेल, तर आधी ही पट्टी बघावी.

एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या) एसी ४३.१३-१बी पुस्तिकेत बाँडिंगच्या, म्हणजे धातूचे भाग विजेने एकमेकांशी बांधणाऱ्या, जोडाला ०.००३ ओहमची मर्यादा आहे. स्टार्टरच्या वाटेसाठी आम्ही त्याहून कडक मर्यादा धरली आहे. २०० अँपिअरला ३ मिलिओहम म्हणजे ०.६ व्होल्ट वाया, आणि थंड सकाळी तेवढे परवडत नाहीत. १ मिलिओहमच्या आत हवं.

साध्या मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर हे मोजता येत नाही, कारण त्याच्या दांड्यांचाच रोध याच्या शंभरपट असतो. पद्धत अशी: बेंच सप्लायची प्रवाह-मर्यादा १० अँपिअरवर लावायची, प्रवाह जोडातून सोडायचा आणि मल्टीमीटरच्या टोकांनी जोडाच्या दोन बाजूंना थेट धातूवर मिलिव्होल्ट वाचायचे. मीटरची टोकं सप्लायच्या क्लिपांवर नको, क्लिपांच्या आत हवीत. १० मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिओहम. पट्टीचे दोन्ही जोड धरून ७ मिलिव्होल्ट आले. ठीक.

अ‍ॅल्युमिनियमवरच्या जोडाची तयारी: लगच्या (वायरीच्या टोकाच्या कड्याच्या) व्यासापेक्षा थोडा मोठा गोल, प्रायमर पूर्ण जाईपर्यंत घासायचा. मग अ‍ॅलोडाइनचा हलका थर (गंजरोधक रासायनिक लेप), तो वीज वाहू देतो. अ‍ॅनोडाइझचा थर वाहू देत नाही, दिसायला कितीही धातूसारखा असो. बोल्ट टॉर्क केल्यावर कडेने वार्निश लावून ओलावा बंद करायचा. उघडं अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याचा लग यांच्यात पाणी शिरलं की पावसाळाभरात पांढरी भुकटी दिसते आणि रोध चढत जातो.

१ एप्रिल: मॅग्नेटोच्या पी-लीड

विमानातला आवाजाचा सगळ्यात मोठा कारखाना मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारं जनित्र, आहे. चार सिलिंडर, चार स्ट्रोक, २४०० आरपीएम: प्रत्येक मॅग्नेटोच्या सेकंदाला ८० ठिणग्या. दर ठिणगीला पी-लीडवर (मॅग्नेटो बंद करणाऱ्या वायरीवर) दोन-तीनशे व्होल्टचा टोकदार उसळा येतो, आणि ही वायर थेट पॅनलवरच्या स्विचपर्यंत जाते.

२० गेजची एक वाहक, शील्ड असलेली वायर, प्रत्येक मॅग्नेटोला वेगळी. मॅग्नेटोकडे शील्ड त्याच्या ग्राउंड स्क्रूवर. स्विचकडे शील्ड फक्त स्विचच्या दुसऱ्या टर्मिनलवर, जवळच्या पत्र्यावर नाही. इथे शील्ड हाच स्विचचा ग्राउंड आहे. स्विच ‘ऑफ’ केला की पी-लीड ग्राउंडला जोडली जाते आणि मॅग्नेटो थांबतो; प्रवाह मधल्या वायरीने येतो आणि तिच्याभोवतीच्या जाळीतूनच इंजिनाकडे परततो. जाणारा आणि येणारा प्रवाह एकाच अक्षावर राहिल्याने बाहेर क्षेत्र उरत नाही. पॅनलला स्थानिक ग्राउंड दिला तर काही प्रवाह इंजिनाच्या पट्टीतून परततो आणि शील्डचा उपयोगच संपतो.

तपासणी मॅग्नेटोकडचं टोक सोडवून करायची. जोडलेल्या अवस्थेत ओहममीटरला मॅग्नेटोची प्राथमिक कॉइलही दिसते आणि तिचा रोध इतका कमी असतो की स्विच बंद की चालू ते कळत नाही. सोडवलेल्या टोकावर: स्विच ‘ऑफ’ असताना मध्य ते शील्ड जवळपास शून्य, ‘ऑन’ असताना अनंत.

पी-लीड तुटली तर मॅग्नेटो जिवंत राहतो आणि कुठलाही दिवा ते सांगत नाही. या वायरींना हात लावायचा असेल तर आधी प्लगच्या वायरी काढून ठेवायच्या आणि प्रॉपेलरच्या फेऱ्यात कुणीही उभं राहायचं नाही. यात तडजोड नाही.

१५ एप्रिल: ऑडिओ हार्नेस (वायरींचा जुडगा)

इथे सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि द्यायलाच हवा.

मायक्रोफोनच्या जॅकला तीन वाहकांची, शील्डवाली २२ गेज केबल: टोकाला पीटीटी (बोलताना दाबायचं बटण), मधल्या कड्याला आवाज, तळाला ग्राउंड. हेडफोनलाही तीन: डावा, उजवा, ग्राउंड. दोन्हीकडे शील्ड हा चौथा घटक आहे आणि त्यातून सिग्नलचा परतीचा प्रवाह वाहत नाही. वजन वाचवायला शील्डलाच ग्राउंड म्हणून वापरतात, बऱ्याच वेळा ते चालूनही जातं. पण मग शील्डवर बाहेरून जे काही पडेल ते थेट सिग्नलच्या वाटेत मिसळतं. एवढ्याशा ग्रॅमसाठी ते करू नये.

शील्ड फक्त इंटरकॉमच्या टोकाला जोडली. जॅकच्या टोकाला जाळी कापून, मागे सरकवून वर हीटश्रिंक. दोन्ही टोकं जोडली तर शील्ड ही सांगाड्याला समांतर अशी आणखी एक परतीची वाट होते आणि दिव्यांचे, फ्लॅप मोटरचे प्रवाह तिच्यातून फिरू लागतात.

जॅकचा दांडा पॅनलला टेकता कामा नये. खांद्याचा फायबर वॉशर आतून आणि सपाट वॉशर बाहेरून. मायक्रोफोनचं आणि हेडफोनचं भोक वेगवेगळ्या मापाचं असतं, वॉशरही वेगळे लागतात. वॉशर भोकात सैल बसला तर नट आवळताना दांडा एका बाजूला सरकून पत्र्याला टेकतो, म्हणून भोक वॉशरच्या मापाचं पाडायचं, जॅकच्या नव्हे. दोन्ही आसनांचे दोन-दोन जॅक बसवून, इंटरकॉमचा कनेक्टर सोडवून, दांडा ते पॅनल मोजलं: चारही ठिकाणी उघडं, म्हणजे जोड नाही. हे मोजमाप पॅनल बंद करण्याआधीच घ्यावं, नंतर हात पोचत नाही.

शील्ड नक्की काय अडवते हेही इथे लिहून ठेवतो. शेजारच्या वायरीवरच्या बदलत्या व्होल्टेजचं विद्युत क्षेत्र ती अडवते. शेजारच्या वायरीतल्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र ऑडिओच्या पट्ट्यात तांब्याची जाळी जवळजवळ अडवत नाही. त्यावर उपाय पीळ आणि अंतर. म्हणून अल्टरनेटरची जाड वायर उजव्या बाजूने आणि ऑडिओ डाव्या बाजूने नेली. जिथे ओलांडावं लागलं तिथे काटकोनात.

२२ एप्रिल: शील्डची टोकं

सोल्डर स्लीव्ह (आत सोल्डरचं कडं असलेली, तापवली की आवळणारी नळी) वापरतोय. क्रम: जाकिटावर ब्लेडने फक्त रेघ ओढायची, मग वाकवून तडकवायचं, पात्याने आरपार कापलं की जाळीचे तंतू तुटतात. जाळी ६ मिलिमीटर ठेवून बाकीची कापायची. स्लीव्ह अशी सरकवायची की सोल्डरचं कडं बरोबर जाळीवर येईल. वक्र नोझलच्या हीटगनने आधी मध्यभाग, कडं वितळून जाळीत पसरलं की मगच दोन्ही टोकं. टोकं आधी तापवली तर स्लीव्ह आवळते आणि सोल्डर आत कोरडाच राहतो. बाहेरून जोड चांगला दिसतो, ओढला की निघतो.

डी-सब कनेक्टरच्या पिना क्रिम्पच्या (दाबून बसवायच्या), एम २२५२०/२-०१ हत्यार आणि २-०८ पोझिशनर. प्रत्येक हार्नेस उपकरणाला लावण्याआधी प्रत्येक वाहक ते शील्ड मोजायचं. जाळीचा एक तंतू इन्सुलेशनमध्ये घुसला तर आज जोड दिसेल किंवा सहा महिन्यांनी कंपनाने होईल.

कॅन बसच्या (उपकरणांमधल्या डेटाच्या दोन वायरींच्या) दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावले. वीज बंद ठेवून हाय ते लो मोजलं: ६० ओहम. १२० आले तर एक टोक राहिलंय, ४० आले तर मधल्या कुठल्यातरी डब्यात तिसरा रेझिस्टर चालू आहे. आरिंक ४२९ या विमानातल्या डेटाच्या मानकाच्या जोडीची शील्ड मात्र दोन्ही टोकांना ग्राउंड केली. मानकच तसं सांगतं, आणि ‘शील्ड नेहमी एकाच टोकाला’ हा ऑडिओचा नियम इथे लावायचा नसतो.

६ मे: कोअ‍ॅक्स आणि अँटेना

सगळीकडे आरजी-४०० कोअ‍ॅक्स (अँटेनाची, मध्ये वायर आणि भोवती जाळी असलेली केबल). दुहेरी जाळी, टेफ्लॉनचं इन्सुलेशन, फायरवॉलजवळच्या उष्णतेतही टिकतं. कनेक्टर क्रिम्पचे बीएनसी.

कोअ‍ॅक्सची जाळी शेपटीसारखी पिळून लगला जोडायची सवय कुठेकुठे दिसते. एक इंच वायरीचं इंडक्टन्स ढोबळमानाने २५ नॅनोहेन्री धरा. १२७ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा २० ओहम होतो. तीन इंची शेपूट म्हणजे ६० ओहम, कोअ‍ॅक्सच्या स्वतःच्या ५० ओहमहून जास्त. हीच शेपूट ऑडिओच्या शील्डला बिलकुल त्रास देत नाही, कारण ३ किलोहर्ट्झला तिचा अडथळा १.४ मिलिओहमच्या आसपास असतो.

व्हीएचएफ (बोलण्याच्या रेडिओची) अँटेना पोटाखाली. आतून डब्लर (मजबुतीचा) पत्रा, दोन्ही पृष्ठभागांवरचा प्रायमर बोल्टांभोवती काढून अ‍ॅलोडाइन. बाहेरची गॅस्केट वीज वाहत नाही, बाँडिंग बोल्टांतूनच होतं, म्हणून बोल्टांची डोकी आणि नट यांखालचा भाग स्वच्छ हवा. अँटेनाचा तळ ते कातडी (विमानाचा बाहेरचा पत्रा) २ मिलिओहमच्या आत. मग बाहेरून सीलंट.

२० मे: इंजिनाचे सेन्सर

ईजीटीचे (एक्झॉस्ट वायूच्या तापमानाचे) थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडाचे तापमान-सेन्सर) के प्रकारचे, अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. सीएचटीचे (सिलिंडर हेडच्या तापमानाचे) जे प्रकारचे, सुमारे ५२. म्हणजे १ मिलिव्होल्टची चूक ईजीटीत २४ अंश सेल्सियस दाखवते. वायर वाढवायची तर त्याच मिश्रधातूची. मध्ये तांबं घातलंच, तर दोन्ही वायरींचे जोड शेजारी, एकाच तापमानात हवेत. एक जोड फायरवॉलपुढे आणि दुसरा मागे पडला तर आकडा गेलाच.

अमेरिकन रंगसंकेतात थर्मोकपलची लाल वायर ऋण असते. के ची पिवळी धन, जे ची पांढरी धन. बाकी सगळ्या विमानात लाल धन असताना इथे उलटं आहे, म्हणून प्रत्येक टोकाला पट्टी चिकटवली. उलटी लागली तर सिलिंडर तापला की आकडा खाली येतो.

ऑइल प्रेशरचा सेन्सर एका वायरीचा, ग्राउंड इंजिनातून. चार्जिंगचे ३० अँपिअर पट्टीच्या ०.७ मिलिओहममधून गेले की इंजिन आणि फायरवॉल यांच्यात २१ मिलिव्होल्टचा फरक पडतो. पट्टी गंजून ५ मिलिओहमवर गेली तर तो १५० होतो, आणि अल्टरनेटर चालू करताच ऑइल प्रेशरचा काटा हलतो. मॉनिटरकडून क्रँककेसपर्यंत वेगळी संदर्भ वायर नेली, तिच्यात दुसरा कुठलाही प्रवाह नाही.

३ जून: मॅग्नेटोमीटर

डाव्या पंखाच्या टोकात. त्याच टोकात नॅव्ह (स्थितिदर्शक) आणि स्ट्रोबचा एकत्र दिवा, स्ट्रोबच्या क्षणी २ अँपिअर. दिव्याला पंखात स्थानिक ग्राउंड दिला आणि जाणारी एकटी वायर मॅग्नेटोमीटरपासून ३० सेंटिमीटरवरून गेली, तर तिथे १.३ मायक्रोटेस्ला पडतात. इथे पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर भाग साधारण २० मायक्रोटेस्ला, म्हणजे दिशा जवळपास ४ अंशांनी ढळू शकते. तांब्याची शील्ड यात काहीही करत नाही. परतीची वायर शेजारून, २ मिलिमीटरवरून नेली की तेच क्षेत्र दीडशेपट कमी होतं, आणि पीळ दिला की आणखी घटतं. फुटाला ८ ते १० पीळ दिले.

हाच प्रश्न शंभरहून जास्त वर्षांपूर्वी मुंबईत उभा राहिला होता. विजेच्या ट्रामचे प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परतले की कुलाब्याच्या वेधशाळेची चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून ती १९०४ मध्ये अलिबागला हलवली. परतीच्या प्रवाहापासून लांब जाणं हाच तेव्हाही उपाय होता. अलिबागला क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे ३८ मायक्रोटेस्ला, म्हणजे हेच विमान तिथे असतं तर हीच चूक निम्मी दिसली असती.

टोकाच्या झाकणाचे स्क्रू चुंबकाने तपासून घेतले. जवळचे पितळी. मग प्रत्येक भार एकेक चालू करून दिशा वाचली, पिटो हीटरसकट: एका अंशाच्या आत.

१७ जून: इंजिन चालू, आवाजाचा शोध

हेडसेटमध्ये आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी. आधी ती कुणाची हे ठरवलं. अल्टरनेटर १२ ध्रुवांचा, पुलीचं गुणोत्तर ३. इंजिन २४०० तर अल्टरनेटर ७२००, सेकंदाला १२० फेरे, सहा ध्रुवजोड्या म्हणजे ७२० हर्ट्झ, तीन फेजचं रेक्टिफिकेशन म्हणून सहापट: ४३२० हर्ट्झ. फोनवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपने त्याच भागात टोक दाखवलं. फील्डचा ब्रेकर ओढून अल्टरनेटर बंद केला, शिट्टी गेली. मॅग्नेटोची सेकंदाला ८० ची टकटक अजिबात नाही.

मग वाट शोधायची. रेडिओचा व्हॉल्यूम शून्य केला, शिट्टी तेवढीच. म्हणजे ती रिसीव्हरमधून येत नाही. अँटेनाचं कोअ‍ॅक्स काढलं, फरक नाही. इंटरकॉमची वीज तोडून त्याला वेगळ्या छोट्या बॅटरीवर चालवलं, तरी शिट्टी. म्हणजे ती पुरवठ्यातूनही येत नाही, उरतो ग्राउंड. उजव्या बाजूचा हेडफोन प्लग काढला तर डावीकडचीही गेली. त्या जॅकचा फायबर वॉशर कंपनात चिरला होता आणि दांडा पॅनलला टेकत होता. नवा वॉशर, दांड्यावर एक थर हीटश्रिंक. शिट्टी पूर्ण गेली.

या क्रमाने गेलं तर फिल्टर विकत घ्यायची वेळ क्वचितच येते. पुरवठ्यात लावलेल्या फिल्टरने ग्राउंडमधून येणारा आवाज कधीच जात नाही.

२४ जून: स्क्वेल्च आणि जीपीएस

एलईडी दिवे लावले की काही चॅनलवर स्क्वेल्च (सिग्नल नसताना रेडिओ गप्प ठेवणारी सोय) आपोआप उघडतो. अँटेना काढली की थांबतो, म्हणजे हा आवाज हवेतून येतो. दिव्याच्या आतला स्विचिंग कन्व्हर्टर, आणि पंखातली लांब वायर त्याची अँटेना. फेराइट (असा आवाज अडवणारं चुंबकीय कडं) दिव्याच्या तोंडाशीच लावायचं. पॅनलकडे लावलं तर मधली सगळी वायर विकिरण करतच राहते. ३१ मिश्रणाचं कडं घेतलं, ते १ ते ३०० मेगाहर्ट्झमध्ये काम करतं. दोन्ही वायरी एकत्र त्यातून तीन वेळा फिरवल्या: अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे नऊपट. स्क्वेल्च आता बंद राहतो.

जीपीएसची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ. व्हीएचएफवरच्या १२१.१५० ची १३ पट १५७४.९५ आणि १३१.२५० ची १२ पट १५७५ येते. म्हणून १२१.१५०, १२१.१७५, १२१.२००, १३१.२५०, १३१.२७५ आणि १३१.३०० या सहा वारंवारतांवर, आधी ऐकून चॅनल रिकामं असल्याची खात्री करून, प्रत्येकी अर्धा मिनिट प्रक्षेपण करत उपग्रहांच्या सिग्नलच्या पट्ट्या बघितल्या. १२१.१७५ आणि १२१.२०० वर पट्ट्या पडल्या. ईएलटीचं (अपघातात स्थान कळवणाऱ्या ट्रान्समीटरचं) कोअ‍ॅक्स तात्पुरतं काढून पुन्हा केलं, पट्ट्या आता पडल्या नाहीत. म्हणजे व्हीएचएफचा सिग्नल ईएलटीच्या अँटेनात शिरतो, ईएलटीच्या आउटपुटच्या ट्रान्झिस्टरमध्ये हार्मोनिक (पटीतल्या वारंवारता) तयार होतात आणि तीच अँटेना ते बाहेर टाकते. ईएलटीच्या कोअ‍ॅक्समध्ये १५७५ चा नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता अडवणारा) लागेल, तो मागवला. तोवर कोअ‍ॅक्स परत जोडून ठेवलं आहे. फिल्टर आला की सहाही वारंवारतांची चाचणी पुन्हा, आणि ईएलटीची स्वतःची चाचणी तासाच्या पहिल्या पाच मिनिटांतच.